घट्ट केलेलं पाणी

200 मिली पाण्यात 2 ग्रॅम झॅन्थन गम नीट मुरला की पाण्याचं रूपच पालटतं. ते चमच्यावरून ओघळत नाही, तळहातावर घेतलं तर जागच्या जागी बसून राहतं, आणि छानशा डबीत भरलं तर विकतचं जेल वाटावं इतकं देखणं दिसतं. पण वजनाने पाहिलं तर त्या डबीत 99 टक्के पाणीच असतं. जवस उकळून केलेलं केसांचं जेल, सब्जा भिजवून केलेला चेहऱ्याचा लेप, तांदळाच्या पिठाचं शिजवलेलं क्रीम, भेंडीचा कंडिशनर, कोरफडीचा गर, या साऱ्यांची घडण एकच आहे: भरपूर पाणी आणि ते धरून ठेवणारा थोडासा पदार्थ. या लेखात जे सांगायचं आहे ते सगळं या एका गोष्टीतून निघतं. घरी घट्टपणा आणणं मुळीच अवघड नाही. घट्ट झाल्यावरही ते पाणीच आहे हे लक्षात ठेवून वागणं मात्र जमत नाही. वाटीत उघडं राहिलेलं पाणी आपण चौथ्या दिवशी तोंडाला लावत नाही. तेच पाणी जेल झालं की महिनाभर न्हाणीघराच्या फळीवर राहतं, रोज ओल्या बोटांनी काढलं जातं आणि चेहऱ्याला चोळलं जातं.

घट्ट पदार्थ टिकतो, ही समजूत आपल्या स्वयंपाकघरातून आली आहे आणि तिला कारणही आहे. मुरांबा, गुळांबा, मध, काकवी, सगळे घट्ट आणि सगळे टिकाऊ. पण मुरांबा टिकतो तो साखरेमुळे. त्यात निम्म्याहून अधिक साखर असते आणि ती पाण्याला अशी बांधून टाकते की जंतूंच्या वाट्याला ते येतच नाही. उलट त्यांच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. जंतूंना वापरता येण्याजोगं पाणी किती आहे, ते मोजायला शास्त्रात जलसक्रियता हे माप आहे. शुद्ध पाण्याची जलसक्रियता 1 धरतात, 0.9 च्या खाली बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत, काही बुरश्या मात्र 0.7 च्या आसपासही तग धरतात. पाण्यात 1 टक्का गम घातल्याने हा आकडा जवळजवळ हलतच नाही. गम पाण्याचं वाहणं थांबवतो, जंतूंचं पिणं थांबवत नाही. जेलीत जंतू किती सुखाने वाढतात याचा पुरावा तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या इतिहासातच आहे. 1881-82 च्या सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेस हे जंतू वाढवण्यासाठी जिलेटिनची जेली वापरत होते. उन्हाळ्यात ती वितळायची, आणि काही जंतू तर जिलेटिनच विरघळवून टाकायचे. त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी जेलीच्या गोड पदार्थांसाठी स्वतः वापरत असलेला अगर सुचवला. आपल्याकडे चायना ग्रास म्हणून मिळतो, तोच हा. तेव्हापासून आजपर्यंत जगभरच्या प्रयोगशाळा जंतू वाढवायला अगरचीच जेली वापरतात. त्या जेलीत जंतूंसाठी खाऊ मिसळलेला असतो. आपल्या डबीत तो खाऊ मधाचा चमचा, दुधाची साय, कोरफड, तांदळाचं पाणी किंवा गुलाबाच्या पाकळ्या या रूपाने आपणच मिसळतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आजी-पणजी जास्वंदीची पानं चुरून त्या बुळबुळीत रसाने केस धूत होत्या, मेथी वाटून लावत होत्या, त्यांना कुठे काय झालं? हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्याचं उत्तर त्यांच्याच रीतीत आहे. जास्वंदीचा रस काढायचा तो न्हाण्याच्या वेळी, आणि उरला तर फेकायचा. मेथी रात्री भिजवायची, सकाळी वाटायची, लावून धुऊन टाकायची. जे साठवून ठेवायचं ते कोरडं असायचं: शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, मुलतानी माती. दिवाळीचं उटणं पुड्यातून येतं ते पूड म्हणून. त्यात दूध किंवा तेल पडतं ते अभ्यंगाच्या पहाटे, वाटीत, लागेल तेवढंच. केसांचं तेल वर्षभर टिकायचं, कारण माका, ब्राह्मी किंवा जास्वंद तेलात घालून आतलं पाणी उडून जाईपर्यंत ते मंद आचेवर कढवलं जायचं. तेल झालं की नाही हे पाहायला त्यातल्या कल्काची, म्हणजे वनस्पतींच्या चोथ्याची, वात करून पेटवण्याची वैद्यांची जुनी परीक्षा आहे. वात तडतडली तर पाणी बाकी आहे, निमूट जळली तर तेल सिद्ध झालं. म्हणजे परंपरेने कोरडं ठेवा, किंवा तेलात ठेवा, किंवा ओलं केलं तर लगेच संपवा, असा नियम कुणी न सांगता पाळला होता. महिनाभर फळीवर राहणारं ओलं जेल ही परंपरा नाही. ती विकतच्या डबीची नक्कल आहे, आणि विकतच्या डबीत जे प्रिझर्व्हेटिव्ह असतं ते वगळून केलेली.

दुसरी समजूत कसाची. दूध दाट असेल तर ते चांगलं, वरण दाट असेल तर पोट भरतं. म्हणून शाम्पू दाट असेल तर तो अधिक गुणाचा, असं मन आपोआप धरून चालतं. शाम्पूचा दाटपणा बहुतेक वेळा साध्या मिठाने आणलेला असतो. सल्फेटच्या फेसदार द्रावणात मीठ घालत गेलं की ते घट्ट होत जातं आणि एका हद्दीपुढे आणखी मीठ पडलं की पुन्हा पातळ होतं. त्यात ना साबणाचा गुण वाढतो, ना केसांचं पोषण होतं. जवसाच्या जेलचंही तेच. त्यात ओमेगा-3 असतं असं हौसेने सांगितलं जातं. जवसात ते आहे खरं, पण ते बियांच्या तेलात आहे, आणि तेल पाण्यात उतरत नाही. उकळून गाळताना ते बियांबरोबर फडक्यातच राहतं. जेलमध्ये येतो तो बियांच्या सालीवरचा बुळबुळीत थर, म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या. त्या इतक्या मोठ्या असतात की केसांच्या किंवा त्वचेच्या आत शिरत नाहीत. वर बसून पातळ पापुद्रा करतात. कुरळ्या केसांच्या बटा धरून ठेवायला, भुरभुरणारे केस बसवायला, त्वचेवरचं पाणी थोडा वेळ टिकवायला हा पापुद्रा फार उपयोगी आहे, आणि एवढ्यासाठीसुद्धा तो करण्याजोगा आहे. मुळांना खाऊ घालण्याची अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नये. जिलेटिनच्या ‘प्रोटीन मास्क’लाही हाच न्याय लावावा. चेहऱ्यावर वाळवून सोलून काढायच्या जिलेटिनच्या लेपाबरोबर बारीक लव आणि त्वचेचा वरचा थर ओढला जातो. सोलून निघाल्यावर जी झळाळी दिसते ती खरवडल्याची असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. घरी करायचं असेल तर सुरुवात जवसानेच करावी, कारण त्यात चुकलं तरी फार काही बिघडत नाही. पाव वाटी अख्खे जवस आणि दोन वाट्या पाणी पातेल्यात घालून मध्यम आचेवर ठेवावं आणि ढवळत राहावं, नाहीतर बिया तळाला धरतात. सात-आठ मिनिटांनी वर पांढुरका फेस येऊ लागतो आणि पाण्याचा आवाज बदलतो. खळखळ उकळणारं पाणी जड होऊन गुबगुब बुडबुडे सोडायला लागतं. डाव उचलून पाहावा. त्याच्या कडेवरून थेंब न पडता अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी लांब तार ओढली गेली की गॅस बंद करायचा. इथे बहुतेकांचं एकच चुकतं: थोडं निवू दे, मग गाळू. निवल्यावर तो रस बियांना असा धरून बसतो की गाळणीतून उतरतच नाही. गरम असतानाच मलमलीच्या फडक्यातून किंवा सैल विणीच्या गाळणीतून गाळावं, फडकं चिमट्याने धरून पिळावं. निवल्यावर जेल आणखी घट्ट होतं, म्हणून पातेल्यात असताना ते हवं त्याहून थोडं पातळच असू द्यावं. एवढ्यातून साधारण दीड वाटी जेल निघतं. आठवड्याला लागेल तेवढंच स्वच्छ कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावं, उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवावं. रोज एक खडा काढला की काम होतं. सुटल्यावर ते जरा सैल पडतं, तेवढं चालवून घ्यावं. फ्रिजमधलं जेल सात दिवसांच्या पुढे वापरू नये. आठवड्याच्या आतही आंबूस वास आला, रंग बदलला किंवा काल घट्ट असलेलं जेल आज पाण्यासारखं झालं तर ते फेकावं. पातळ होणं ही खूण फार महत्त्वाची आहे: जंतूंनी त्या साखळ्या तोडून खायला सुरुवात केली की जेल सुटतं.

जवसाचा हाच हिशेब मेथी, सब्जा, इसबगोल आणि भेंडीला लागू पडतो; फक्त मेथीचा वास केसांत राहतो आणि इसबगोल गाळायला जवसाहूनही त्रासाचा. तांदळाच्या किंवा मक्याच्या पिठाचा लगदा वेगळ्या जातीचा आहे. कपड्यांना खळ करणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो. पिष्टाचे कण साधारण 65 ते 70 अंशांना फुगून फुटतात, पाणी पितात आणि खळ घट्ट होते. पण निवली की ते कण पुन्हा एकमेकांना चिकटायला लागतात आणि पाणी बाहेर टाकतात. म्हणून तांदळाचं क्रीम दुसऱ्या दिवशी वर पाणी आणि खाली गोळा असं दिसतं. ते करायचं तर त्या दिवसापुरतंच करावं, गोठवू तर नयेच. कोरफडीबद्दल दोन गोष्टी. पान कापल्यावर सालीखालून पिवळा, कडू रस ओघळतो; वाळवल्यावर त्याचाच काळा बोळ होतो. तो त्वचेला झोंबतो, कुणाकुणाला पुरळही येतं. म्हणून कापलेलं पान कापाच्या बाजूने खाली करून पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवावं, पिवळा रस निथळू द्यावा, पान धुवावं आणि मगच गर काढावा. आणि मिक्सरमधून काढलेला गर काही तासांत पाण्यासारखा पातळ होतो याचं आश्चर्य वाटून घेऊ नये. आपण काही चुकलेलो नसतो. पानातली विकरंच त्या साखळ्या तोडतात. विकतचं कोरफडीचं जेल महिनोन्‌महिने घट्ट राहतं ते त्यात घातलेल्या कार्बोमर किंवा झॅन्थनसारख्या घट्ट करणाऱ्या पदार्थामुळे.

ज्यांना पुडीतले गम वापरायचे आहेत त्यांच्यासाठी ग्वार आणि झॅन्थन हे दोन पुरेसे आहेत. ग्वार गम म्हणजे आपल्या गवारीच्या बियांचा गर. भारत हा त्याचा जगातला सगळ्यात मोठा उत्पादक आणि त्यातही राजस्थान आघाडीवर. अमेरिकेत खडक फोडून तेल आणि वायू काढणाऱ्या विहिरींना हाच गम लागू लागला तेव्हा, 2011-12 च्या सुमारास, गवारीच्या भावाने शेतकऱ्यांनी कधी पाहिली नव्हती अशी उंची गाठली होती. झॅन्थन मात्र झाडापासून निघत नाही. कोबीची पानं काळी कुजवणाऱ्या झॅन्थोमोनस नावाच्या जिवाणूला साखर चारली की तो हा चिकट पदार्थ तयार करतो. अमेरिकेतल्या पिओरिया इथल्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत ॲलिन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला आणि 1969 साली अमेरिकेत तो खाण्याच्या पदार्थांत वापरायला मान्यता मिळाली. कामाच्या दृष्टीने दोघांतला फरक असा: ग्वार गम स्वस्त, पण किंचित धुरकट आणि जंतूंना लवकर बळी पडणारा; झॅन्थन आम्ल, मीठ आणि उष्णता या तिन्हींना चांगला पुरून उरणारा, आणि हलवलं की पातळ, ठेवलं की पुन्हा घट्ट. बाटलीतून सहज निघून त्वचेवर न ओघळणारं काही करायचं असेल तर झॅन्थनला तोड नाही.

पण हाच झॅन्थन नवख्यांना रडवतो तो गुठळ्यांनी. पूड थेट पाण्यावर भुरभुरली की प्रत्येक कणाभोवती क्षणात जेलचं कवच तयार होतं, आत पूड कोरडीच राहते, आणि मग कितीही घुसळलं तरी माशाच्या डोळ्यांसारखे पारदर्शक गोळे तरंगत राहतात. यावरचा उपाय आपण पिठलं करताना रोज करतो त्याच्या उलट आहे. बेसन आपण आधी थोड्या पाण्यात कालवतो; झॅन्थन आधी अशा द्रवात कालवायचा ज्यात तो फुगत नाही. 1 ग्रॅम झॅन्थन कोरड्या वाटीत घ्यावा, त्यावर 5 ग्रॅम ग्लिसरीन घालून चमच्याच्या पाठीने घोटावं. पांढरी, गुळगुळीत, एकही कण न टोचणारी पेस्ट झाली पाहिजे. मग 94 ग्रॅम पाणी एका हाताने बारीक धार धरून ओतत दुसऱ्या हाताने रवीने किंवा हँड ब्लेंडरने सतत फिरवत राहावं. पहिल्या मिनिटाला सगळं पातळच दिसतं आणि इथे अधीर होऊन आणखी पूड टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. झाकून अर्धा तास ठेवलं की जेल आपोआप चढतं. 100 ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम म्हणजे सरबताच्या पाकासारखं, 1 ग्रॅम म्हणजे चमच्यावर बसणारं. 2 ग्रॅम घातलं तर नाकातल्या शेंबडासारखी तार सुटते आणि वाळल्यावर केसांवरून पांढरे पापुद्रे झडतात. हे आकडे चमच्याने मोजता येत नाहीत. एका चहाच्या चमच्यात भरून की सपाट यावर अडीच ते तीन ग्रॅमपर्यंत पूड बसते, म्हणजे अर्ध्या चमच्यानेच मर्यादा ओलांडते. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्यावा. या छंदात दुसरं काही विकत घेतलं नाही तरी चालेल.

पुढची चूक मिसळण्याची. घट्ट करणारे पदार्थ एकमेकांना आणि इतरांना सारखेच सहन करतात असं नाही. झॅन्थन आणि कार्बोमर पाण्यात ऋण भार धरतात. केसांच्या कंडिशनरमधले सेट्रिमोनियम किंवा बेहेनट्रिमोनियम या नावांचे घटक धन भार धरतात आणि म्हणूनच ते केसांना चिकटतात. घरच्या कंडिशनरला घट्ट करायला त्यात झॅन्थन टाकला की दोन विरुद्ध भार एकमेकांना धरतात आणि सगळं फाटलेल्या दुधासारखं धागेधागे होऊन बसतं. तिथे भार नसलेला हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज किंवा मेणासारखं सेटाइल अल्कोहोल वापरावं. कार्बोमरचं जेल काचेसारखं नितळ होतं, पण त्याला अल्कलीचे थेंब मोजून घालून पीएच 6 ते 7 च्या आसपास आणावा लागतो, आणि मीठ किंवा क्षार दिसले की ते कोसळतं. कोरफडीचा रस घालताच जेल पाणी झालं, ही तक्रार कार्बोमरवाल्यांची नेहमीची. कारण त्या रसातले क्षार. बोअरच्या जड पाण्यानेही हेच होतं, म्हणून पाणी डिस्टिल्डच घ्यावं. 2020 साली घरोघरी सॅनिटायझर करताना स्पिरिटमध्ये कोरफडीचं जेल मिसळलं जात होतं. त्यात अल्कोहोलचं प्रमाण कमी होई, आणि उरलेल्या अल्कोहोलमध्ये जेलही नीट टिकत नसे. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र पातळ द्रवाचं होतं, त्यात घट्ट करणारा पदार्थ नव्हता, आणि तो घातल्याने जंतू मारण्याची ताकद घटू शकते असा इशाराही त्यात होता. हात निर्जंतुक करणं हे काम अल्कोहोलचं होतं, घट्टपणाचं नव्हतं.

ज्यांना टिकणारं काहीतरी हवं आहे आणि प्रिझर्व्हेटिव्ह नको आहे, त्यांनी पाणीच वगळावं. मधमाशांचं मेण एक भाग, खोबरेल किंवा तिळाचं तेल चार भाग, गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवून निववलं की ओठ-टाचांसाठी उत्तम मलम होतं आणि ते महिनोन्‌महिने टिकतं. त्यात गुलाबपाणी घोटण्याचा मोह मात्र धरू नये. मेण पाणी आणि तेल यांना एकट्याने बांधून ठेवू शकत नाही. काही दिवसांत मलमाच्या पोटात पाण्याचे थेंब सुटतात आणि तिथेच बुरशी धरते.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. घरी करायचं तेच मुळी रसायनं टाळायला, मग प्रिझर्व्हेटिव्ह घालून काय मिळवलं? या भीतीमागे एक बातमी आहे. 2004 साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या गाठींमध्ये पॅराबेन आढळले आणि ती बातमी जगभर गेली. त्या अभ्यासाने पॅराबेनमुळे गाठ होते असं दाखवलं नव्हतं. गाठींत ते सापडतात एवढंच दाखवलं होतं. पुढे युरोपीय संघाने पॅराबेनपैकी काहींवर बंदी घातली, काहींची मर्यादा कमी केली, आणि मेथिल व इथिल पॅराबेन प्रत्येकी 0.4 टक्क्यांपर्यंत वापरायला मुभा कायम ठेवली. ज्यांना तरीही पॅराबेन नको, त्यांना फिनॉक्सीइथेनॉल आहे. त्याची तिथली मर्यादा 1 टक्का. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट तर लोणची-सरबतांतले ओळखीचे. पण ते पीएच 5 किंवा त्याखाली असेल तरच काम करतात, म्हणून पीएचची पट्टी जवळ हवी. यांतलं काहीही न घालण्याचा निर्णयही योग्यच आहे, पण मग जेल आठवड्यात संपवण्याची तयारी हवी. ‘नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणून सुचवली जाणारी तिसरी वाट मात्र फसवी आहे. ई जीवनसत्त्व तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंना अडवत नाही. कडुलिंब, तुळस, टी ट्रीच्या तेलाचे चार थेंब जेलला वास देतात, संरक्षण नाही. द्राक्षफळाच्या बियांचा अर्क म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांत बेंझेथोनियम क्लोराइडसारखी कृत्रिम जंतुनाशकं सापडली होती. ताकद होती ती त्यांची.

काही जण म्हणतात, खराब झालं तर वासावरून कळेलच. वास आला तर फेकावंच, पण वास आला नाही म्हणून जेल चांगलं आहे असं ठरत नाही. स्वच्छ पाणीसुद्धा डोळ्यांना गढूळ दिसू लागेपर्यंत एका मिलीत लाखो जिवाणू झालेले असतात. जवसाचं जेल तर मुळातच धुरकट. प्रसाधनांच्या कंपन्या म्हणूनच डोळ्यांवर आणि नाकावर विसंबत नाहीत. तयार मालात पाच ठरलेले जंतू मुद्दाम सोडतात आणि 7, 14 आणि 28 दिवसांनी ते किती उरले हे मोजतात. आपल्याकडे ही सोय नाही, तारखेचा धाक तेवढा आहे. फ्रिजमध्ये जंतू मरत नाहीत, सावकाश वाढतात. उकळल्याने बहुतेक मरतात, पण काहींची बीजं टिकतात, आणि नळाच्या पाण्याने ओलं झालेलं बोट बुडालं की नवी खेप आत जाते. सुडोमोनास हा त्यातला वाईट जंतू. त्याला ओलसर न्हाणीघर फार मानवतं, आणि डोळ्याच्या बुबुळाला साधा ओरखडा असेल तर तो दृष्टीवर उठू शकतो. म्हणून घरचं जेल पापण्यांजवळ नको, फोड किंवा जखमेवर नको, आणि तान्ह्या बाळाला तर नकोच. खायला चालतं ते लावायला चालतंच, हेही खरं नाही. लिंबू आपण रोज खातो, पण लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. कोणतंही नवं जेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून 48 तास पाहावं. आणि झिंक ऑक्साइड जेलमध्ये घोटून सनस्क्रीन करू नये, कितीही दाट झालं तरी. पूड एकसारखी पसरली का आणि ऊन किती अडलं, हे घरी कळायला मार्ग नाही. कळतं ते त्वचा भाजल्यावर.

एवढं सगळं वाचूनही ज्यांना करून पाहावंसं वाटतं त्यांनी जरूर करावं. हाताने केलेलं, ताजं, मोजून केलेलं जवसाचं जेल खरोखर चांगलं असतं. ते मैत्रिणीला देताना मात्र सात दिवसांचा नियमही तिला सांगावा. आणि बचत गटातून किंवा व्हॉट्सॲपवरून विकायचा विचार असेल तर हे ठाऊक असू द्यावं की 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आणि 2020 च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार विक्रीसाठी क्रीम, जेल, शाम्पू करायला परवाना लागतो, महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं, आणि परवान्याशिवाय असं उत्पादन करणं दंडनीय आहे. परवाना हातात येईपर्यंत बरणी घरच्या फ्रिजमध्येच राहू द्या, आणि तिच्यावर केल्याची तारीख लिहा.